अर्ज भरायच्या आधी एक सकाळ मशीनपाशी काढ

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी पुण्यात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला बायॉलॉजी होतं. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीच्या कोर्सला अर्ज करायचा आहे. काय वाचू, अर्जात काय लिहू, मुलाखतीत काय विचारतात? आणि आई म्हणते की रेडिएशनमध्ये काम केलं तर पुढे मूल होताना त्रास होईल. खरं आहे का?"

आईच्या शंकेपासून सुरुवात करते. तिचं समाधान झालं नाही तर तुझा अर्ज उंबऱ्याच्या आतच अडेल.

मी एकवीस वर्षं रेडिओथेरपीच्या, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार करायच्या, मशीनवर आहे. दोन्ही मुलं या नोकरीत असतानाच झाली, धडधाकट आहेत. थोरला तर आता माझ्याशी वाद घालण्याइतका मोठा झालाय. अर्थात एका बाईची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून आकडे सांगते. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे आम्ही सगळे ज्याला एईआरबी म्हणतो त्याची, मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडीचा बिल्ला छातीशी लावायचा, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या प्रत्येकाला मिळणारं नैसर्गिक रेडिएशन सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. माझ्या बिल्ल्याचा वर्षाचा आकडा त्याच्या आसपासही कधी गेलेला नाही.

याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. लिनॅक, म्हणजे किरण देणारं आमचं मुख्य मशीन, विजेवर चालतो. इलेक्ट्रॉनांना वेग द्यायचा, टंगस्टनच्या तुकड्यावर आपटायचं, त्यातून एक्स-रे निघतात. बीम थांबला की किरण संपले. ट्यूबलाइट बंद केल्यावर उजेड खोलीत साठून राहत नाही, तसंच. बीम चालू असतो तेव्हा आपण बाहेर असतो, कॅमेऱ्यातून पेशंटवर डोळे लावून. ज्या भिंतीवर बीम थेट पडतो तिचं काँक्रीट दोन मीटरच्या घरात असतं. कोबाल्ट मशीन आणि ब्रॅकीथेरपीतला (किरण देणारा सोर्स गाठीपाशी नेऊन करायचा उपचार) इरिडियम सोर्स यांचं मात्र वेगळं आहे. ते कायम जिवंत. तिथे आत पाऊल टाकण्याआधी झोन मॉनिटरकडे, म्हणजे खोलीत किरण आहेत का ते दाखवणाऱ्या यंत्राकडे, बघायची सवय अंगात मुरावी लागते. दिवस गेल्याचं कळलं की लेखी कळवायचं. उरलेल्या महिन्यांत गर्भाला जाणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा असा नियम आहे, आणि त्याप्रमाणे कामाची जागा बदलते. आईला हेही सांग की बाहेरून किरण घेतलेला पेशंट स्वतः किरण सोडत नाही. त्याच्या शेजारी बसा, त्याच्या ताटात जेवा, काही होत नाही. हे आमच्याकडे रोज कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा घरात लहान नातवंड असलेली आजी.

आता तुझं.

या विभागात तीन वेगळी कामं चालतात आणि अर्ज करणाऱ्या निम्म्या मुलांच्या डोक्यात त्यांची खिचडी झालेली असते. डोस किती आणि कुठे हे डॉक्टर ठरवतात. तो नेमका पोचेल कसा याचा प्लॅन मेडिकल फिजिसिस्ट करतात, आणि मशीन खरं बोलतंय ना हेही तेच मोजून बघतात. आपण टेक्नॉलॉजिस्ट पेशंटला रोज त्याच जागी, त्याच स्थितीत झोपवून तो डोस प्रत्यक्ष देतो. तू फिजिक्सची असल्यामुळे तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. फिजिसिस्ट व्हायचं तर एमएस्सी फिजिक्स, मग रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, बीएआरसीत, ती १९६२ पासून चालते), आणि त्यावर एखाद्या विभागात वर्षभराची इंटर्नशिप. टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं तर बारावी सायन्सनंतरची पदवी, नाहीतर बीएस्सीनंतरचा डिप्लोमा. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवीचा मार्ग तीन वर्षांचा आहे, वर एक वर्ष इंटर्नशिप. तू आकड्यांत जास्त रमतेस की माणसांत, हे आधी स्वतःला विचार. "फिजिसिस्ट व्हायचंय, तोवर हे करते" असं मुलाखतीत सांगणारी मुलं येतात. खरं बोलतात म्हणून कौतुक वाटतं, पण जागा मोजक्या असतात आणि पॅनेल ती जागा दुसऱ्याला देतं.

कोर्स निवडताना मात्र डोळ्यांत तेल घाल. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने एका खासगी संस्थेत दोन वर्षं आणि वडिलांच्या फंडातले बरेच पैसे घातले. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, पण संस्थेकडे स्वतःचं मशीन नव्हतं आणि कुठल्या हॉस्पिटलशी करारही नव्हता. नोकरी मिळाली, ईलोरावर नाव नोंदवायची वेळ आली आणि पात्रतेत बसेना. (ईलोरा म्हणजे एईआरबीची ऑनलाइन परवाना यंत्रणा. वेरूळशी काही संबंध नाही, पण लेण्यात शिरल्यावर बाहेर यायला वेळ लागतो हे दोन्हीकडे खरं.) पोराने दुसरीकडे पहिल्यापासून कोर्स केला. म्हणून प्रवेशाची चौकशी करताना तोंडावर विचार: मशीन कुठलं, कुठे आहे, मी आठवड्यातले किती तास त्याच्यापाशी उभी असेन, आणि तुमच्या मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतायत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर माहितीपत्रक तिथेच ठेव आणि चहा प्यायला जा. शिवाय २०२१ साली आपल्या क्षेत्रासाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्यामुळे कोर्सची नावं, कालावधी, प्रवेशाचे निकष बदलाच्या वाटेवर आहेत. सीनियरने तीन वर्षांपूर्वी काय भरलं यावर विसंबू नकोस, यंदाचं पत्रक स्वतः वाच.

तयारी म्हणशील तर माझ्या मते सगळ्यात मोठी तयारी एका सकाळची आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या नावे पत्र घे, "निरीक्षणासाठी एक दिवस" एवढंच माग. पुण्यात किरणोपचाराची मशीनं असलेली हॉस्पिटलं बरीच आहेत. एकाने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. परवानगी मिळाली की साडेसातला हजर राहा, पूर्ण झाकलेले बूट घाल, मोबाइल बॅगेत ठेव. पेशंटचा फोटो काढणारा विद्यार्थी आमच्याकडे दुसऱ्यांदा येत नाही.

सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीन तापवतात, भिंतींवरचे लेझर एका बिंदूत मिळतायत ना बघतात, दाराचं इंटरलॉक तपासतात: बीम चालू असताना दार उघडलं की बीम बंद पडलाच पाहिजे. फिजिसिस्ट आउटपुट, म्हणजे मशीन किती डोस देतंय ते, मोजत असतील तर त्यांच्या वहीत डोकाव. तिथे तापमानाशेजारी हवेचा दाब लिहिलेला दिसेल. का? आयन चेंबरच्या, म्हणजे डोस मोजायच्या उपकरणाच्या, छोट्याशा पोकळीतली हवा मोजमापाचं काम करते, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून तेवढ्याच डोसला रीडिंग कमी येतं. त्यासाठी सहा-सात टक्क्यांची दुरुस्ती करावी लागते. घाटाखालून आलेल्या एका नव्या पोराने ती विसरून मशीन बिघडल्याची ओरड केली होती. त्याला आम्ही अजून त्यावरून छेडतो. तू फिजिक्सची आहेस, हे तुझ्या हातचं आहे. मुलाखतीत अशी एखादी गोष्ट तू आपणहून बोललीस तर समोरचे खुर्चीत सरसावून बसतात.

मग पेशंट येतात. आमच्या मशीनवर दिवसाला पन्नासेक. बीड, सोलापूर, नगर, धाराशिवकडून आलेले, पुण्यात नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन पाच-सात आठवडे राहिलेले, बरेचसे जनआरोग्य योजनेतले. ते रेडिओथेरपी म्हणत नाहीत. "शेक घ्यायला आलोय", "लाईट द्यायची आहे", "आज कितवा करंट?" असं म्हणतात. हे शब्द वहीत लिहून घे. शेक म्हटलं की माणसाला वाटतं गरम लागणार, करंट म्हटलं की झटका बसणार. पहिल्या दिवशी ती भीती तू काढायची असते, आणि तीही अर्ध्या मिनिटात.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला मास्क लागतो. मास्कची जाळीदार शीट साधारण सत्तर डिग्रीच्या पाण्यात टाकतात, ती तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखी लुसलुशीत होते. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढायची आणि टेबलाला अडकवायची. काही मिनिटांत ती त्या माणसाच्या नाकाडोळ्यांचा ठसा घेऊन कडक होते. त्यानंतर रोज त्यातच झोपायचं. घशाला एकूण ७० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) ३५ वेळांत देतात, म्हणजे शनिवार-रविवार सोडून सात आठवडे. मास्क घट्ट असतो, आतून नीट बोलता येत नाही. म्हणून आधीच ठरवायचं: "हात वर केलात की मी लगेच आत येते." आणि हात वर झाला की खरंच जायचं. एकदा गेली नाहीस तर तो माणूस पुढचे चौतीस दिवस तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

बीडकडच्या एक मावशी होत्या. मान मोकळी हवी होती, पण मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. सूनबाई बाहेरून ओरडत होत्या, पुढचा पेशंट ताटकळत होता. मी ते त्यांच्या डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं आणि म्हटलं, "अंगावरच आहे की." चौथ्या दिवशी खोलीत आल्या आल्या त्यांनीच मनगट पुढे केलं. तेवढ्यात सेटअपची माझी दोन मिनिटं वाचली, आणि घाईतल्या सकाळी दोन मिनिटं फार असतात.

सेटअप झाला की सगळे बाहेर, दार बंद, मग कोन-बीम सीटी, म्हणजे मशीनवरच काढलेला स्कॅन. आजची हाडं प्लॅनमधल्या हाडांवर नेऊन जुळवायची. स्क्रीनवर दिसतं: टेबल ३ मिलिमीटर वर, २ डावीकडे. मान्य केलं की टेबल सरकतं, बीम सुरू. किरण खरे मिळतात दोन-तीन मिनिटं, बाकीची दहा-बारा मिनिटं माणूस नीट झोपवण्यात जातात. हे प्रमाण तुला आवडतंय का, हे बघायलाच त्या सकाळी जायचं. पहिले चार पेशंट सगळ्यांनाच भारी वाटतात. अकरा वाजता, सतराव्या पेशंटला, तू अजून लेझरकडे बघतेयस की घड्याळाकडे, त्यावर अर्ज करायचा की नाही ते ठरव. परत फिरलीस तरी त्यात कमीपणा नाही; माझ्यासोबत शिकणारी एक मुलगी तिसऱ्या महिन्यात सोडून बँकेत गेली आणि मजेत आहे.

वाचायचं म्हणशील तर फार पसारा मांडू नकोस. बारावीच्या फिजिक्समधले अणू आणि अणुगर्भाचे धडे पक्के कर. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाळ ५.२७ वर्षं, ब्रॅकीतल्या इरिडियम-१९२ चा सुमारे ७४ दिवस. आकडा पाठ असून भागत नाही, त्याचं पुढे काय होतं ते सांगता यायला हवं. कोबाल्टवर आज जो पेशंट दोन मिनिटांत होतो, तोच सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं घेणार. म्हणजे रांग वाढणार. इरिडियम म्हणूनच दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. व्यस्त वर्गाचा नियम उदाहरणासकट येऊ दे: सोर्सपासून १०० सेंटिमीटरवर जेवढी तीव्रता, ती ११० वर ८३ टक्क्यांच्या जवळ उतरते. सहा एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) बीमचा डोस त्वचेवर कमी आणि दीड सेंटिमीटर आत सर्वाधिक असतो, हे कळलं की त्वचा वाचते कशी तेही कळतं.

ॲनाटॉमी पुस्तकापेक्षा बोटांनी शिक. मानेखाली पुढून लागणारी खाच, छातीच्या हाडाचं खालचं टोक, कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, मानेच्या मागे सगळ्यात वर आलेला मणका. आरशासमोर स्वतःच्या अंगावर शोध, मग आईच्या, मग एखाद्या जाड्या मामाच्या. मामावर सापडलं तर पेशंटवर सापडेल. मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये गर्भाशय कसं बसतं ते चित्र काढून बघ, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशंटला "लघवी करून या, मग एवढं पाणी प्या, मग एवढा वेळ थांबा" असं रोज का सांगतात ते समजेल. भरलेलं मूत्राशय आतडी वर ढकलतं. रोज ते तेवढंच भरलेलं हवं, नाहीतर कालची जागा आज राहत नाही.

अर्जातल्या निवेदनाबद्दल. "लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे" ही ओळ मी इतक्या अर्जांत वाचली आहे की पुढचं वाचताना डोळे घसरतात. आजोबांना कॅन्सर झाला होता हे खरं असेल तर जरूर लिही, पण त्यात तू काय बघितलंस ते लिही. गेल्या एका अर्जात मुलाने लिहिलं होतं: "बाबांना रोज हडपसरहून पीएमटीने न्यायचो. मशीनवरचे दादा रोज त्यांना नाव स्वतः सांगायला लावायचे. बाबा चिडायचे. मला तिसऱ्या आठवड्यात कळलं की का." भाषा साधी होती, शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, पण आम्ही त्याला आवर्जून बोलावलं.

का ते सांगते, कारण मला ते चटका बसून कळलं. शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. मी बाहेर येऊन "जाधव?" म्हणून हाक मारली. एक गृहस्थ उठले, आत आले, टेबलावर झोपले. "जाधव ना?" "हो." त्यांच्या छातीवर खुणा होत्या, पण माझ्या हातातली फाइल मास्कवाल्या जाधवांची होती. तेवढ्यावरून माझ्या सीनियरने मला थांबवलं. बाहेर दुसरे जाधव बसले होते, थोडं कमी ऐकू येणारे. बीम सुरू झालेला नव्हता. पण त्या दिवशी डबा उघडला नाही. तेव्हापासून मी पेशंटला नाव सांगत नाही, विचारते: "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा", आणि फाइलवरचा फोटो बघते. पस्तिसाव्या दिवशीसुद्धा, ओळख घरच्यासारखी झाली तरी.

मुलाखतीत पाठांतर फारसं कुणी तपासत नाही. सोपी तोंडी गणितं येतात: स्तनाला ४० ग्रे १५ वेळांत द्यायचे तर रोजचे किती? (२.६७. कागद मागितलास तरी चालतं, अंदाजपंचे उत्तर चालत नाही.) मी स्वतः एक प्रश्न हमखास विचारते. आषाढी वारीचे दिवस आहेत, घशाचा पेशंट म्हणतो, "ताई, पालखी पुण्यात आलीय. दोन दिवस माउलींबरोबर चालून येतो, मग राहिलेले शेक घेतो." काय सांगशील?

बरीच मुलं म्हणतात, समजावून सांगू. काय समजावणार, हे विचारलं की गाडी अडते. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबले तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, कारण उरलेल्या पेशी मधल्या काळात झपाट्याने वाढतात. काही मुलं सरळ "जाऊ देणार नाही" म्हणतात. तो अधिकार आपला नाही. आणि "बरं, जा" म्हणायचाही नाही. मला ऐकायचं असतं ते एवढंच: त्याच्याशी न रागावता बोलेन, आणि तो घरी जायच्या आत डॉक्टरांना सांगेन. खंड पडलाच तर एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा देऊन तो भरून काढता येतो, पण ते डॉक्टर आणि फिजिसिस्टने ठरवायचं. एका मुलीने उत्तर दिलं होतं, "मी त्यांना विचारेन, पालखी मुक्कामी असते त्या दिवशी दर्शन आणि शेक दोन्ही जमेल का? सकाळी रस्ते बंद व्हायच्या आत सातची वेळ देता येईल." तिला घेतलं. पालखीच्या दोन दिवसांत आम्ही खरोखर तेच करतो.

"हे काम मनाला जड जाणार नाही का?" हेही विचारतील. "मी खंबीर आहे" म्हणू नकोस, कुणाचा विश्वास बसत नाही. जड जातं. लहान मूल टेबलावर असलं की आजही मला घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तू काय करतेस, कुणाशी बोलतेस, ते सांग.

बाकी बारीकसारीक. कंबर सांभाळ, पेशंटला स्ट्रेचरवरून टेबलावर सरकवताना नव्या मुलांची पाठ पहिल्या सहा महिन्यांत धरते, तेव्हा आतापासून थोडा व्यायाम ठेव. हिंदी सुधार. शिफ्ट सकाळी लवकर असते, म्हणून राहण्याची सोय बघताना पहिली बस किती वाजता सुटते ते बघ. आणि हेपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर या आठवड्यात पहिला डोस घे. दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी असतो. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र मागितलं की ऐनवेळी धावपळ करून ते मिळत नाही.